पुरानंतर नदी ‘साफ’ करताना

ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्यात पांझरा नदीला आणि ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर व डोंगरी नद्यांना मोठे पूर आले. घरे-दुकाने पाण्याखाली गेली. अशा पुरानंतर एक मागणी हमखास होते: गाळ, गोटे, झुडपे काढून पात्र सरळ व सपाट करा. पाणी लवकर निघून जावे हा हेतू रास्तच आहे. परंतु या विचारात नदीला गटार मानले जाते आणि त्याचे परिणाम माशांना भोगावे लागतात.

मासे पुराने संपत नाहीत. पावसाळ्याचे नवे पाणी आले की अनेक जाती प्रवाहाविरुद्ध वर जाऊन अंडी घालतात. ‘चढणीचे मासे’ म्हणतात ते हेच. पूर गोट्यांमधला गाळ धुतो, वळणावर डोह खणतो. माशांची खरी कसोटी मे महिन्यात असते. खानदेशात तेव्हा पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो, प्रवाह आटतो आणि डोह तेवढे उरतात. यंत्राने तळ सपाट केला की तेच पाणी उथळ पसरून तापते. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांना जेमतेम ७. त्यात सांडपाणी मिसळले की जिवाणू त्यातलाही बराचसा संपवतात. मग हवेतून श्वास घेणारे मरळसारखे मासे तगतात, इतर नाहीसे होतात. तेथे कटला-रोहूचे बीज सोडले तर ती मत्स्यशेती झाली, नदीची दुरुस्ती नव्हे.

मग पुराचे काय? जर्मनीतील म्युनिक शहरात २००० ते २०११ या काळात इसार नदीच्या ८ किलोमीटर पात्राला अधिक रुंदी दिली गेली. बांधीव काठ काढून गोट्यांचे उतार केले. पूर सामावण्याची क्षमता वाढली आणि माशांनाही जागा मिळाली. इसार बारमाही वाहते, पांझरा तशी वाहत नाही. म्हणूनच आपल्याकडे डोहांचे मोल अधिक. धुळ्यात दोन्ही काठांनी रस्ते झाल्याने रुंदीला वाव थोडाच आहे. निदान उरलेले डोह, गोटे आणि काठची झाडे तरी राखावीत.

शिक्षकांनी एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांना घेऊन सावलीतला डोह आणि उघडे उथळ पाणी यांचे तापमान काठावरूनच मोजून पाहावे. किती गाळ काढला याचे आकडे जाहीर होतात. मे महिन्यात किती डोहांत मासे उरले, याचीही नोंद व्हायला हवी.