'प्रशासक' या संज्ञेची अडचण

संगणकाच्या मराठी परिभाषेत 'ॲडमिनिस्ट्रेटर'साठी 'प्रशासक' ही संज्ञा योजिली जाते. अपडेट बसविण्यास प्रशासकाची अनुमती हवी, असे पडद्यावर उमटले म्हणजे कचेरीतील लिपिकाने कोणाकडे जावे? बारामती व इंदापूर येथे हा प्रश्न केवळ तर्काचा नाही. निर्वाचित सदस्यांची मुदत संपल्यानंतर डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत या दोन्ही नगरपरिषदांचा कारभार प्रशासकाच्याच हाती होता. तेथील वाचकापुढे या शब्दाने उभा राहतो तो शिक्का-स्वाक्षरीचा अधिकारी. संगणकाची देखभाल करणारा तंत्रज्ञ नव्हे.

सामान्य वापरकर्त्यास हे अधिकार न देणे योग्यच होय; त्याच्या हातून शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला तेवढीच आडकाठी होते. तथापि अपडेट खोळंबल्यास हानी मोठी. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय'ने जगभरचे संगणक वेठीस धरले; विंडोजच्या चालू आवृत्त्यांसाठी त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. (पाणिनीने आजच्या नसलेल्या भूतकाळास 'अनद्यतन' म्हटले, ते विशेषण अशा संगणकांसही शोभावे.)

म्हणूनच मध्यवर्ती सर्व्हरवरून, यंत्रणेच्याच अधिकाराने, लिपिकास न विचारता अपडेट बसविण्याची पद्धत अधिक ग्राह्य ठरते. ती जेथे नाही, तेथे संदेशात पदनामाऐवजी तंत्रज्ञाचे नाव व दूरध्वनी क्रमांक हवा. 'संगणक-व्यवस्थापक' हा प्रतिशब्द त्यातल्या त्यात बरा. परंतु हाक कोणास मारावयाची, हे तोही सांगत नाही.