‘लवचीक’ मेंदू : एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

मेंदूविज्ञानातील ‘प्लॅस्टिसिटी’ या संज्ञेसाठी मराठीत ‘लवचिकता’ हा शब्द सर्रास योजला जातो. वृत्तपत्रीय लेखनात तो चालून जाईल. परंतु अध्यापनात तो विपरीत अर्थ रुजवितो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लवचीक फांदी वाकते आणि सोडताच पूर्ववत होते. मेंदूत याच्या उलट घडते. अनुभवामुळे चेतापेशींमधील जोडण्या बदलतात आणि तो बदल टिकून राहू शकतो. म्हणून ‘घडणक्षमता’ हा शब्द अधिक समर्पक ठरतो.

याच लेखनातील दुसरा दोष म्हणजे प्रथिनांची यादी : अमुक प्रथिन वाढीचे, तमुक स्मृतीचे. वस्तुतः कार्य एकट्या प्रथिनाचे नसून प्रथिनांच्या परस्परसंबंधाचे असते. पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेतील अर्णब घोष व सहकाऱ्यांचे २०१६ मध्ये ‘डेव्हलपमेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन या दृष्टीने उद्बोधक आहे. वाढत्या चेतातंतूच्या अग्रावर बोटांसारखे सूक्ष्म प्रवर्ध असतात व त्यांत ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या असतात. ‘फॉर्मिन-२’ हे प्रथिन कमी केले असता हे प्रवर्ध निर्माण होतात, लांबतातही. मात्र त्यांच्या टोकाची पकड पक्की होत नाही आणि ओढ पुढे पोहोचत नाही. कोंबडीच्या भ्रूणाच्या मेरुरज्जूत अशा चेतातंतूंची वाढ व दिशा दोन्ही बिघडतात. पाचाडहून रायगड चढणाऱ्यास हे सहज उमगावे : पायांत बळ असूनही ओल्या दगडावर पाऊल रोवले नाही, तर चढ चढवत नाही.

प्रौढ मेंदूतही हेच सूत्र आढळते. ‘कॅमकायनेज-२’ हे विकर इतर प्रथिनांत रासायनिक बदल घडवून जोडणी बळकट करते, अशी दीर्घकाळ धारणा होती. २०२३ मध्ये ‘नेचर’मधील संशोधनाने दाखविले की, या बळकटीकरणाच्या आरंभासाठी त्या विकराचे एनएमडीए ग्राहकाशी जखडले जाणे निर्णायक असते.

शब्द बदलल्याने ज्ञान वाढत नाही, हा आक्षेप रास्त आहे. भ्रूणावरील निष्कर्ष थेट वर्गात लागू करणेही गैर होय. तथापि ‘फॉर्मिन-२’च्या जनुकातील दोषांचा बौद्धिक अक्षमतेशी संबंध काही कुटुंबांत आढळला आहे, हे विसरता येत नाही. मेंदू लवचीक मानला की, दाब दिल्यास तो वाकेलच असे वाटू लागते आणि न वाकणारा विद्यार्थी हट्टी किंवा आळशी ठरतो. घडण म्हटले की आधार, पकड आणि अवधी यांचा विचार करावा लागतो. गडाखालच्या वाड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याचे मूल्यमापन करताना हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही.