पात्र आणि अपात्र : एका शासन निर्णयाचे वाचन

शासन निर्णयाला कुणी वाङ्मय म्हणत नाही. तरीही वऱ्हाडातील शेतकरी-साहित्याची चर्चा करताना तो वगळता येत नाही, असे माझे मत आहे. शेतकऱ्याचे मरण कोणते, हे ठरवण्याचा अधिकार कादंबरीला नसून त्या मजकुराला आहे.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांना १ लाख रुपये देणारा निर्णय २३ जानेवारी २००६ चा. ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. मुख्य अटी तीन. मृताच्या किंवा कुटुंबातील कुणाच्या तरी नावे शेती हवी. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. आणि मरण त्या कर्जापायीच आलेले हवे.

या अटी तिवसा तालुक्यातील एखाद्या गावात नेऊन पाहाव्यात. दुसऱ्याचे वावर मक्त्याने करणाऱ्या भूमिहीनाकडे सातबारा नसतो. म्हणून कागदावर तो शेतकरी नाही. विनापरवाना सावकाराचे देणे म्हणजे कर्ज नाही. उलट, २०१४ चा सावकारी अधिनियम हीच सावकारी गुन्हा मानतो आणि तिच्यात गेलेली जमीन परत मिळण्याची वाट ठेवतो. एका कागदावर जो पीडित, तोच दुसऱ्या कागदावर अपात्र.

तिसरी अट साहित्याच्या अभ्यासकाला अधिक अस्वस्थ करते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (साहित्य अकादमी पुरस्कार, २००४) शेतकऱ्याचे घर कसकसे खचत जाते ते दाखवते. तिथे कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. शासनाला कारण एकच हवे. चौकशीत दारू, आजार किंवा घरचे भांडण नोंदले गेले की कर्ज मागे पडते. आपला कोणता शब्द मोजला जाईल, हे जबाब देणाऱ्या विधवेला ठाऊक नसते. कादंबरीत हे सगळेच पात्र असतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे काहीच.

याच तालुक्यात गुरुकुंज मोझरी आहे. तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ गावाला ऐकता यावी अशा ओव्यांत लिहिली. शासन निर्णयाने निदान एवढे तरी शिकावे : अटी ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात, अपात्रतेचे कारण घरच्यांना लेखी द्यावे, आणि सावकाराच्या देण्याला शेजाऱ्यांची साक्ष पुरावा मानावी. तोवर हा मजकूर मरणाची नोंद करील, पण त्याचा अर्थ त्याला लागणार नाही.