नमन-खेळे : अंगणातील विधी आणि रंगमंचावरील प्रयोग

रत्नागिरी जिल्ह्याच्या लोकसंस्कृतीत शिमगोत्सवाचे स्थान मध्यवर्ती आहे. फाल्गुन महिन्यात ग्रामदेवतेची रुपे पालखीत बसतात, पालखी सहाणेवर येते आणि पुढे घरोघरी जाते. याच काळात खेळे गावोगाव हिंडून अंगणात नमन सादर करतात. नमनाकडे पाहताना अभ्यासकांचा कल बहुधा त्याला मराठी नाटकाचे प्राथमिक रूप ठरविण्याकडे असतो. ही दृष्टी कितपत योग्य आहे, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

नमनाचा आरंभ देवतांच्या वंदनाने होतो. मृदंग आणि झांजांच्या साथीने खेळे फेर धरतात. पुढे गण, गौळण आणि शेवटी वग असा क्रम असतो. काळ्या वेषातील, उंच टोपीचा आणि पांढऱ्या दाढीचा संकासुर व स्त्रीवेषातील गोमू ही यातील लक्षणीय पात्रे होत. वेद पळविणारा पुराणातील शंखासुर येथे संकासुर होऊन अंगणात नाचतो. मुले त्याला भितातही आणि त्याच्या मागेही धावतात. भय आणि हास्य यांचे हे मिश्रण कथानकातून निर्माण होत नाही. प्रेक्षक आणि खेळे यांच्यात अंतर नसल्यामुळे ते साधते.

मुंबईत स्थिरावलेल्या चाकरमान्यांमुळे नमन नाट्यगृहात पोहोचले. नेपथ्य, प्रकाशयोजना व ध्वनिक्षेपक आले. कलावंतांना प्रतिष्ठा लाभली, नवे प्रेक्षक मिळाले. हा लाभ नाकारता येत नाही. मात्र या प्रयोगांत वगाचा विस्तार झाला आणि मूळ नमन व फेर आटोपशीर झाले. म्हणजे ज्या अंगामुळे या प्रकाराला नाव मिळाले, तेच प्रास्ताविकापुरते उरण्याचा धोका निर्माण झाला.

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. आसाममधील सत्रांत, म्हणजे वैष्णव मठांत, जोपासलेल्या सत्रिय नृत्याला संगीत नाटक अकादमीने 2000 साली शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. बिहू नृत्याचा 2023 साली गुवाहाटीत अकरा हजारांहून अधिक कलावंतांनी विक्रमी आविष्कार केला. अशा मान्यतेने कलेचे क्षेत्र विस्तारते. परंतु सत्रातील उपासना किंवा शेतकऱ्याच्या अंगणातील बिहू यांची जागा व्यासपीठ घेऊ शकत नाही.

नमनाचे मूल्यमापन संहितेच्या बांधणीवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. संहिता टिपून ठेवता येते. पण पालखीची वाट, मानकऱ्यांचा क्रम, गाऱ्हाणे आणि अंगणातील फेर यांच्या नोंदीशिवाय ती अर्धीच राहते. कोकणातील अनेक घरे वर्षभर बंद असतात आणि शिमग्यालाच उघडतात. त्या घरांच्या अंगणात नमन होणे म्हणजे गावाशी असलेले नाते पुन्हा प्रस्थापित होणे होय. रंगमंचावरील नमनाचे स्वागत करतानाच समीक्षेने या अंगणाला प्रमाण मानले पाहिजे. तसे न झाल्यास नमनाचा प्रयोग टिकेल, पण त्याचे प्रयोजन हरवेल.