युफोनियम : नेहमीचे प्रश्न आणि अपुरी उत्तरे

प्रस्तावना

या पाठाचा विषय असलेले वाद्य तुम्ही नक्की पाहिले आहे, फक्त त्याचे नाव तुम्हाला ठाऊक नसण्याची शक्यता अधिक. लग्नाच्या वरातीत पुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले असतात. त्यांच्या मागे, छातीशी मूल धरावे तसे एक मोठे, वर तोंड केलेले पितळी वाद्य धरून काही वादक चालत असतात. दर वर्षी 29 जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकात ‘बीटिंग रिट्रीट’ होते, त्यातील लष्करी बँडमध्येही असे वादक असतात. या वाद्याचे नाव युफोनियम.

वाद्यपरिचयाच्या पुस्तकांत युफोनियमविषयी काही ठरावीक प्रश्न येतात आणि त्यांची ठरावीक उत्तरेही मिळतात. ती सगळी चुकीची नाहीत. परंतु त्यांतील काही उत्तरे माहितीच्या रूपात एक मूल्यनिर्णय पुढे सरकवतात, आणि तो आपण न तपासता स्वीकारतो. या पाठात आपण एकेक प्रश्न घेऊ, त्याचे नेहमीचे उत्तर पाहू आणि ते प्रत्यक्ष संगीतापुढे टिकते का, हे तपासू.

प्रश्न 1 : युफोनियम पितळेचे असते म्हणून ते ‘ब्रास’ वाद्य का?

नाही. सॅक्सोफोनही पितळेचा असतो, तरी त्याची गणना काष्ठवाद्यांत होते, कारण त्यात ध्वनी वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनातून निर्माण होतो. ब्रास वर्गाची खरी कसोटी धातू नसून ओठ आहेत. वादक माउथपीसवर ओठ टेकवतो, ते थरथरतात आणि त्या कंपनाने नळीतील हवेचा स्तंभ वाजतो.

ही कसोटी लावली तर शंख, तुतारी आणि केरळातील कोंबू ही युफोनियमची नातेवाईक ठरतात. भरताच्या नाट्यशास्त्रातील तत, अवनद्ध, घन आणि सुषिर या चार वर्गांपैकी ती सर्व सुषिर वाद्ये होत. युफोनियम परदेशात जन्मले असले तरी त्याचे मूळ तत्त्व आपल्या देवळांत आणि रणांगणांवर फार पूर्वीपासून वाजत आले आहे.

प्रश्न 2 : युफोनियम म्हणजे लहान ट्यूबा का?

बहुतेक ठिकाणी याचे उत्तर ‘हो’ असे मिळते. ते अर्धे खरे आहे.

युफोनियमची मुख्य नळी सुमारे 9 फूट लांब असते आणि त्याचा मूळ स्वर बी-फ्लॅट असतो. टेनर ट्रॉम्बोनच्या नळीची लांबीही साधारण इतकीच असते. मग दोघांचा आवाज इतका वेगळा का? फरक नळीच्या आकारात आहे. ट्रॉम्बोनची नळी बऱ्याच अंतरापर्यंत एकाच रुंदीची राहते. युफोनियमची नळी मात्र शंकूसारखी हळूहळू रुंदावत जाते. माउथपीसचा प्यालाही खोल असतो. त्यामुळे आवाजातील धार कमी होते आणि भरीव गोलाई येते. ब्रिटिश ब्रास बँडमधील ‘बॅरिटोन’ हे वाद्यही त्याच लांबीचे असते, पण त्याची नळी अधिक अरुंद असते आणि आवाज त्या मानाने हलका.

रुंदावत जाणाऱ्या नळीचा विचार केला तर युफोनियम ट्यूबाच्या कुळातले आहे, हे मान्य. परंतु ‘लहान’ हे विशेषण कुळ सांगत नाही, ते दर्जा सांगते. व्हायोलाला आपण ‘लहान चेलो’ म्हणत नाही. ट्यूबाचे मुख्य काम तळ सांभाळणे हे आहे, तर युफोनियमचे काम पुरुषाच्या गाण्याच्या पट्टीत रागदारीइतका सलग सूर धरणे हे आहे. काम वेगळे असेल तर मोजमापही वेगळे हवे.

प्रश्न 3 : हे वाद्य कोणी शोधले?

एका नावाचे उत्तर हवे असेल तर वायमार येथील फर्डिनांड सोमर यांचे नाव आणि 1843 हे वर्ष सांगितले जाते. परीक्षेत ते लिहायला हरकत नाही. समीक्षेच्या दृष्टीने मात्र अनेक कारागिरांची साखळी लक्षात घेणे अधिक उपयोगी आहे. 1818 मध्ये ष्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांना बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचे पेटंट मिळाले. 1835 मध्ये वीप्रेख्ट आणि मोरित्झ यांनी बास ट्यूबाचे पेटंट घेतले. 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये ॲडॉल्फ सॅक्स यांनी सॅक्सहॉर्नांचे कुटुंब तयार केले. व्हॉल्व्हमुळे खालच्या पट्टीतील रुंद नळीचे वाद्य सर्व स्वर वाजवू लागले आणि सर्पंट व ऑफिक्लाइड ही जुनी वाद्ये मागे पडली.

पुढची महत्त्वाची सुधारणा लंडनची. पहिला व्हॉल्व्ह स्वर एका पूर्ण टोनने उतरवतो, दुसरा अर्ध्या टोनने, तिसरा दीड टोनने आणि चौथा अडीच टोनने. अडचण अशी की दोन-तीन व्हॉल्व्ह एकदम दाबले की मिळणारी एकूण नळी थोडी तोकडी पडते आणि स्वर चढा लागतो. बूझी कंपनीतील डेव्हिड ब्लेकली यांनी 1874 मध्ये ‘कॉम्पेन्सेटिंग’ रचना तयार केली. या रचनेत व्हॉल्व्ह एकत्र दाबले की हवा आणखी थोड्या नळीतून फिरून जाते आणि उणीव आपोआप भरून निघते. खालच्या सप्तकातही सुरात गाण्याची ताकद युफोनियमला या रचनेमुळे मिळाली.

प्रश्न 4 : मग सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याला कायमची जागा का नाही?

येथे नेहमीचे उत्तर सर्वांत फसवे ठरते. ‘आवाज फार मऊ, म्हणून ऑर्केस्ट्रात चालत नाही’ असे सांगितले जाते. वाद्याच्या नावानेही या समजाला खतपाणी घातले आहे, कारण ‘युफोनियम’ हा शब्द ‘गोड आवाजाचा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला. परंतु तीन कृती ऐकून पाहा.

पहिली, गुस्ताव होल्स्ट यांची ‘द प्लॅनेट्स’ (रचना 1914 ते 1916). तिच्या ‘मार्स’ या भागात पाच मात्रांचा निर्दय ठेका चालू असतो. त्यावर युद्धाची हाक प्रथम टेनर ट्यूबा देतो आणि ट्रम्पेट त्याला उत्तर देतात. हा भाग बहुतेक वेळा युफोनियमवरच वाजवला जातो. तेथे गोडवा कुठेच नाही, आहे ती धमकी. ट्रम्पेटने हाक दिली असती तर ती नुसती चकचकीत वाटली असती. युफोनियमच्या भरीव कंठातून येते तेव्हा ती माणसाच्या छातीतून आल्यासारखी वाटते, आणि म्हणून अधिक भीतिदायक ठरते. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोनवादक होते, ही निवड त्यांनी जाणून केली असणार.

दुसरी, रिचर्ड स्ट्राउस यांची ‘आइन हेल्डनलेबेन’ (1898). तिच्यात नायकाच्या विरोधकांचे, म्हणजे समीक्षकांचे, विडंबन आहे. काष्ठवाद्ये कुरकुरत असतात आणि टेनर ट्यूबा व बास ट्यूबा समांतर पंचमांत एक जड, हेकट सूरवाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. समीक्षेचा अभ्यास करणाऱ्या तुम्हाआम्हाला हे वाक्य मुद्दाम ऐकायला हवे! त्याआधीच्या ‘डॉन किहोते’ (1897) मध्ये स्ट्राउस यांनी सांको पांझाच्या ओळखीच्या सुरावटीसाठी बास क्लॅरिनेटबरोबर टेनर ट्यूबा वापरला. पुढे बर्लिओझ यांच्या वाद्यवृंदरचनेवरील ग्रंथाची सुधारित आवृत्ती काढताना, सुरावटीच्या कामाला वागनर ट्यूबापेक्षा लष्करी बँडमधील हे वाद्य अधिक योग्य असल्याचे त्यांनी नोंदवले.

तिसरी, मुसोर्गस्की यांच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ या पियानोकृतीचे मॉरिस राव्हेल यांनी 1922 मध्ये केलेले वाद्यवृंदीय रूप. तिच्यातील ‘बिद्वो’ या भागात बैलगाडीचे चित्र आहे. गाडी दुरून येते, अंगावरून जाते आणि नाहीशी होते. राव्हेल यांच्यासमोर त्या काळचा लहान फ्रेंच ट्यूबा होता. आजच्या मोठ्या ट्यूबावर हा उंच पट्टीतील भाग अवघड जातो, म्हणून अनेक ऑर्केस्ट्रा येथे युफोनियम वापरतात.

धमकी, विडंबन आणि श्रमाचा भार, असे तीन वेगळे भाव एकाच वाद्याने पेलले. म्हणजे मऊपणाचे कारण टिकत नाही. मग खरे कारण कोणते? युफोनियम जन्मले तेव्हा ऑर्केस्ट्रात मधल्या-खालच्या पट्टीतील जागा आधीच भरलेल्या होत्या. चेलो, बासून, हॉर्न आणि ट्रॉम्बोन तेथे बसले होते. लष्करी बँडमध्ये चेलो नव्हता, तेथे ही जागा रिकामी होती. म्हणूनच ऑर्केस्ट्राच्या कृती बँडसाठी उतरवताना चेलोची ओळ बहुधा युफोनियमकडे जाते. वाद्याच्या अनुपस्थितीचे कारण त्याच्या गुणात नाही, संस्थेच्या इतिहासात आहे. ‘तेथे नाही, म्हणून कमी दर्जाचे’ हा निष्कर्ष त्यामुळे तर्काला धरून नाही.

आणखी एक बाब पाहा. वरील कृतींच्या संहितेत ‘युफोनियम’ हा शब्दच नाही. तेथे टेनर ट्यूबा किंवा ट्यूबा असे लिहिलेले असते. वादक युफोनियमचा, नाव दुसऱ्याचे. मैफलीपुरता बोलावलेला हा वादक काम झाल्यावर घरी जातो. नावाच्या या गोंधळाची किंमत अशी कोणाला तरी मोजावी लागते.

प्रश्न 5 : मग त्याचे स्वतःचे संगीत कोठे आहे?

बँडमध्ये. होल्स्ट यांच्याच लष्करी बँडसाठीच्या ‘सेकंड सूट इन एफ’ (1911) च्या पहिल्या भागात ‘स्वान्सी टाउन’ या लोकगीताची चाल युफोनियम एकट्याने गाते. ‘मार्स’ आणि हा सूट लागोपाठ ऐका. एकाच संगीतकाराने एकाच वाद्याकडून भय आणि जिव्हाळा, दोन्ही काढून घेतले आहेत. ब्रिटिश ब्रास बँडमध्ये दोन युफोनियम असतात. या बँडमध्ये युफोनियमसह जवळपास सर्व वाद्यांचे लेखन ट्रेबल क्लेफमध्ये होते, म्हणजे कामगार वादकाला एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत. युफोनियमचा प्रत्यक्ष स्वर लिहिलेल्यापेक्षा एक सप्तक आणि एक टोन खाली येतो. लष्करी बँडमध्ये बास क्लेफही वापरतात, तेथे लिहिलेला स्वरच वाजतो.

स्वतंत्र कृतींत इटलीच्या पोंकिएली यांनी युफोनियमच्या निकटच्या फ्लिकोर्नो बासो या वाद्यासाठी 1872 मध्ये लिहिलेला कॉन्चेर्टो येतो. त्यानंतर बरोबर 100 वर्षांनी, 1972 मध्ये, जोसेफ होरोवित्झ यांचा ब्रास बँडच्या साथीचा युफोनियम कॉन्चेर्टो आला.

येथे वाद्याची बाजू घेणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारायला हवा. युफोनियमच्या जुन्या एकल कृतींपैकी बऱ्याच एका लोकप्रिय चालीवरील चमकदार आवर्तने आहेत. सूसा यांच्या बँडमधील सिमोन मांतिया यांच्यासारख्या वादकांनी ही शैली गाजवली. बोटांचा वेग थक्क करतो, पण तिसऱ्या आवर्तनानंतर ऐकणाऱ्याला नवे काही मिळत नाही. ‘आम्हीही ट्रम्पेटइतके चपळ आहोत’ हे सिद्ध करण्याच्या नादात वाद्य स्वतःचा आवाज विसरते. होरोवित्झ यांच्या संथ भागाचे मोल येथे कळते. तेथे सिद्ध करण्याची घाई नाही. लांब श्वासाची ओळ हळूहळू उलगडते आणि श्वास कोठे संपतो, हेही अर्थपूर्ण होते. माझ्या मते युफोनियमची बाजू हा एक भाग शंभर वेगवान आवर्तनांपेक्षा चांगली मांडतो.

समारोप : आपल्या रस्त्यावरचे युफोनियम

आता सुरुवातीच्या वरातीकडे परत येऊ. युफोनियम आपल्याकडे ब्रिटिश पलटणींच्या बँडमधून आले आणि आज ते लष्कर, पोलीस आणि लग्नाचे बँड यांत रुळले आहे. मेरठच्या जळी कोठी भागातील कारागीर पितळेची अशी वाद्ये घडवतात, मध्य प्रदेशातील पचमढी येथे लष्करी वादकांचे प्रशिक्षण होते. तरीही मराठीत एखाद्याची फजिती झाली की आपण ‘त्याचा बँड वाजला’ म्हणतो. भाषेने बँडला हसण्यावारी नेले आहे. जी चूक ऑर्केस्ट्राने केली, तीच आपण आपल्या पद्धतीने करत आहोत. जागा पाहून दर्जा ठरवायचा, आणि आवाज ऐकायचाच नाही.

वरातीतील वादक चार तास चालत वाजवतो. त्याचे वाद्य जुने असते, एखादा व्हॉल्व्ह अडकतो, समोर फटाके वाजत असतात. त्याचा सूर होरोवित्झच्या मैफलीतल्यासारखा लागणार नाही, आणि तो तसा लागतो असे म्हणणे ही खोटी दया होईल. परंतु तो नेमके काय वाजवतो आहे हे ऐकल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

स्वाध्याय

1. ‘मार्स’ आणि ‘सेकंड सूट’चा पहिला भाग ऐका. दोन्हींतील युफोनियमच्या भूमिकेची 200 शब्दांत तुलना करा.
2. ‘वाद्याचा दर्जा त्याला मिळालेल्या जागेवरून ठरवता येतो’ या विधानाची सोदाहरण चिकित्सा करा.
3. तुमच्या गावातील बँडमध्ये युफोनियम आहे का, ते पाहा. मुख्य चाल, जोडओळ आणि ठेका यांपैकी ते काय वाजवते, याची नोंद करा. शक्य असल्यास वादकाशी बोला, आणि तो स्वतः त्या वाद्याला काय म्हणतो ते प्रथम लिहून घ्या.