सुदाम्याचे पोहे आणि आमचे मोबाइलपुराण

मोबाइल, समाज, चालू घडामोडी यांवर जाता जाता मत देणारे स्फुट लेखन आमच्याकडे विपुल होते. ते वाचताना आम्हांस श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आठवतात. खामगाव, जळगाव-जामोद अशा वऱ्हाडी गावांत वकिली करणाऱ्या या लेखकाचा ‘सुदाम्याचे पोहे’ हा संग्रह आहे. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या ही मंडळी ज्या रूढीची चिकित्सा करू जातात तिच्यात स्वतःच सापडतात. म्हणून तेथे मताचा उपदेश होत नाही. (कोट्यांचा सोस मात्र आज जड वाटतो.)

आमचे लेखक मोबाइलला जो दोष देतात तो पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांतून उसना आणलेला. १९५६ मध्ये किनवट नांदेडकडे गेले; आदिलाबाद आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात. पैनगंगेच्या या काठावर नातवंडे घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगू-इंग्रजी लिहितात आणि आजीला मराठी निरोप रोमन लिपीत धाडतात. तो तिला वाचता येत नाही. बोलून पाठविलेला निरोप मात्र ती दोनदा ऐकते. मोबाइल येथे मराठी मारतो की तगवितो? हा प्रश्न आम्हांस कोणत्याच लेखात आढळला नाही, आमच्या स्वतःच्याही नाही.