दापोलीच्या पेन्शनरांचा अर्ज : एक फेरवाचन

माजी सैनिकांची राजकीय संघटना म्हटली की आज दिल्लीचे जंतरमंतर आठवते. २०१५ चे ‘वन रँक वन पेन्शन’चे साखळी उपोषण, छातीवर पदके लावून मांडवात बसलेले वयस्क जवान. महाराष्ट्रात अशा संघटनेची कहाणी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचे गाऱ्हाणे पेन्शनच्या रकमेचे नव्हते. पेन्शन मिळतच होते. पुढच्या पिढीला ते मिळण्याची वाटच सरकारने बंद केली होती.

गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. दापोली कॅम्पात मुंबई सैन्यातल्या पेन्शनरांची वस्ती होती, त्यात महार पेन्शनर बरेच. या मंडळींना हाताशी धरून त्यांनी ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’ काढली. १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली, ‘दीनबंधु’त लेख लिहिले. पुढे १८९२ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबली. लॉर्ड रॉबर्ट्स भारताचे सरसेनापती असतानाच्या त्या काळात ‘लढवय्या जाती’चा सिद्धान्त लष्करात जोरावर होता, पंजाबी, गुरखे, पठाण हे जातिवंत शिपाई आणि दक्षिणेकडचे बाकीचे दुय्यम, असा त्याचा मथितार्थ. त्याविरुद्ध मंडळीच्या नावाने १८९४ चा अर्ज तयार झाला, मुंबई सैन्याच्या सरसेनापतींना उद्देशून. याच प्रश्नावर सुभेदार रामजी सकपाळ यांनी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचे आंबेडकरांचे चरित्रकार सांगतात.

या अर्जाचे आजवर दोन प्रकारे वाचन झाले आहे आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. पहिले वाचन राष्ट्रवादी वळणाचे. त्याला अर्जातली राजनिष्ठा खुपते. पेशवाईविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढल्याचा हक्क सांगणारे लोक ते कसले पुढारी, असा त्याचा सूर असतो. हे टीकाकार एक गोष्ट सोयीने विसरतात. १८९४ साली काँग्रेससुद्धा राणीच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवून अर्जच करत होती. राजनिष्ठेची भाषा हा त्या काळच्या अर्जाचा मायना होता, जसा आज आपण ‘आपला विश्वासू’ लिहितो तसा. दुसरे वाचन अभिमानाचे. त्याला अर्जात केवळ शौर्याची परंपरा दिसते : कोरेगावचा स्तंभ, त्यावर कोरलेली ‘नाक’ प्रत्ययाची नावे. अभिमान योग्यच आहे. पण त्या भरात अर्जदारांचे नेमके काय हिरावले जात होते ते मागे पडते.

ते काय होते? कंपनीच्या काळापासून पलटणीत शाळा असे. शिपाई तिथे शिके, त्याची मुले शिकत. रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. ज्या काळात गावच्या शाळेत महाराच्या मुलाला ओसरीवरसुद्धा बसू देत नसत, त्या काळात छावणीत मात्र त्याच्या हातात पाटी येत होती. शिवाय पेन्शन. गावातला महार वतनाने बांधलेला, त्याचे बलुते गावकीच्या मर्जीवर. पेन्शनर या पाशातून सुटलेला; दरमहा सरकारी पैसा, तोही कोणाच्या ओसरीखाली उभे न राहता. वलंगकर लिहू शकले, बोलू शकले, ते यामुळे. भरती बंद होणे म्हणजे नोकरी जाणे एवढेच नव्हते. शाळा बंद, पेन्शन बंद, आणि एका पिढीनंतर अर्ज लिहिणाराही बंद. म्हणून मी हा अर्ज आधी एक आर्थिक कागद म्हणून वाचतो.

तरीही माझा आक्षेप आहे, आणि तो अर्जाच्या युक्तिवादावर आहे. अर्जदार म्हणतात, आम्ही मूळचे क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात नाही ते खावे लागले आणि पदावरून घसरलो. म्हणजे लढण्याची पात्रता रक्तातून येते हे सरकारचे गृहीतक त्यांनी मान्यच केले. फक्त त्या यादीत आमचे नाव घाला, एवढे मागितले. गंमत अशी की संघटनेच्या नावात ‘अनार्य’ आहे आणि तिच्या अर्जात क्षत्रियत्व! ‘विटाळ विध्वंसना’त ज्या माणसाने जन्माने येणाऱ्या सोवळ्याची खिल्ली उडवली, वरच्या जातींच्या वंशशुद्धीवरच प्रश्नचिन्ह लावले, त्याने सहा वर्षांनी वंशाचाच दाखला पुढे केला. डावपेच म्हणून हे समजते. लष्करी अधिकाऱ्याला दुसरी भाषा कळत नव्हती. पण याचा फायदा सरकारला होता : रक्ताचा निकष एकदा कबूल केला की कोणाचे रक्त कसे हे ठरवणार लष्करी कचेरी, अर्जदार नव्हे. आणि ती कचेरीही जागेवर राहिली नाही. १ एप्रिल १८९५ रोजी इलाख्यांची स्वतंत्र सैन्येच मोडली गेली. ज्या सरसेनापतींच्या नावे अर्ज लिहिला, त्यांचे पदच वर्षभरात गेले.

त्याच वर्षी वलंगकरांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी शेजारी बसायला हरकत घेतली. ज्या सरकारला आपण पलटणीसाठी नकोसे, त्याच सरकारला बोर्डावर हवेसे, आणि शेजारच्या सभासदांना दोन्हीकडे नकोसे. वलंगकर १९०० साली वारले.

पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी प्रश्न हाती घेतला. ते स्वतः पेन्शनर नव्हते, पण वारसा तोच. १९१० चा त्यांचा भारतमंत्र्यांकडचा अर्ज मागणीच्या दृष्टीने नम्र आहे : मोठी राजकीय पदे नकोत, पोलिसातली आणि सैन्यातली खालच्या पायरीची नोकरी द्या. अनेकांना ही मागणी आज खुजी वाटते. मला ती वलंगकरांच्या अर्जापेक्षा एका अर्थी पुढची वाटते. तिचा भर पूर्वजांवर कमी आहे. आम्ही प्रजा आहोत आणि सरकारी नोकरीचे दार सर्वांना सारखे असावे, यावर तो जास्त आहे.

दार उघडले ते मात्र युक्तिवादाने नव्हे. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार पलटण उभी राहिली. लढाई संपली, खर्चात कपात आली आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही. पुढची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, पुन्हा एका महायुद्धाच्या गरजेत. फरक एवढाच की या वेळी दापोलीच्या एका पेन्शनर सुभेदाराचा मुलगा व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीत बसला होता, आणि त्याला कोणाच्या नावे अर्ज लिहावा लागला नाही.